बूट चांगला होता

दादा, तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. माझं नाव दोनदा पुकारलं, दोन्ही वेळा मी मान हलवून नकार दिला. लोकांना वाटलं, पोरीला भरून आलंय. भरून आलं नव्हतं. मी जळत होते.

कुपवाडच्या आपल्या शेडमध्ये त्या दिवशी जो उठला तो कसल्या ना कसल्या दुरुस्तीबद्दल बोलला. कुणाची स्कूटर, कुणाची शिलाई मशीन, कुणाच्या आईची चाकाची खुर्ची. एक म्हातारा कामगार म्हणाला, "फौजीनं माझा पंखा दुरुस्त केला, चालू केला आन् म्हणला, आता वाऱ्याला बसून ह्ये पत्रक वाचा." लोक हसले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. ते पत्रक मी लिहिलेलं होतं. त्यात काय होतं ते त्या म्हाताऱ्याला आठवत नव्हतं. पंखा आठवत होता.

माणूस गेल्यावर त्याचा हेवा करू नये, असं सगळेच म्हणतील. मी तुमच्या समोरही केला, आता मागेही करते. निदान खोटं तरी बोलत नाही.

तुम्ही संघटनेत आलात तेव्हा मी विचारलं होतं, "तुमची भूमिका काय?" लष्कराच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात घालवून साताऱ्याला परतलेला माणूस, आला तो स्वतःची वीस वर्षांची जुनी पांढरी गाडी घेऊन. तुम्ही म्हणालात, "डायवरची." मला वाटलं, चेष्टा करताय. चेष्टा नव्हती. भोंगा टपावर, पत्रकांचे गठ्ठे मागच्या सीटवर, मी पुढे. साताऱ्याची एमआयडीसी एक दिवस, कुपवाड पुढचे चार दिवस. मी गेटवर उभी राहून घसा फोडून बोलायची. ठेका कामगारांना हजेरी कार्ड द्या, हातमोजे द्या, भट्टीजवळ पंखा लावा. बायका दुचाकीवरून उतरायच्या, पत्रक घ्यायच्या, चौकोनी घडी करून डब्याच्या पिशवीत खुपसायच्या. आणि तिथून थेट तुमच्याकडे. "दादा, माझ्या गाडीचा ब्रेक बघता का?" तुम्ही उकिडवे बसायचात. दहा मिनिटांत तुमच्याभोवती वीस जण. माझ्या भाषणाला कधी वीस जण थांबले?

"तुम्ही माझी सभा फोडता," असं मी एकदा तोंडावर म्हणाले होते.

"फोडत न्हाई गं. ब्रेक लागला तर ती उद्याच्या सभंला यील. न्हाई लागला तर कशी यील?"

असलं उत्तर दिल्यावर माणूस भांडणार तरी कसं? तुमच्याशी नीट भांडताही यायचं नाही, आणि मला भांडण सोडून फारसं काही येत नाही.

आता बुटाचं.

हे तुमच्यासाठी नाही, तुम्हाला माहीत आहे, वाचणाऱ्यांसाठी सांगते. पायातला बूट नव्हे. गाडीच्या पुढच्या चाकाला फिरवणारा जो दांडा असतो, एक्सल, त्याच्या टोकाला जॉइंट असतो. त्या जॉइंटवर घड्याघड्यांचं रबरी टोपण असतं, बाजाच्या पेटीच्या भात्यासारखं, दोन्ही तोंडांना पट्टी आवळलेलं. त्याला बूट म्हणतात. आत ग्रीस कोंडून ठेवायचं आणि बाहेरची माती बाहेर ठेवायची, एवढंच त्याचं काम. बूट गेला की ग्रीस उडतं, माती आत जाते आणि गाडी वळताना चाक कटकट वाजायला लागतं. आपलं चाक वाजायला लागलं होतं.

तुम्ही एक्सल खोलून बसला होतात. हात काळे. मला म्हणालात, "सांगलीत दुकानात जा आन् बूट घिऊन ये. दुकानदार इच्यारंल त्याची समदी उत्तरं दे." मी गेले. दुकानदार काहीतरी विचारत होता. मी फोनवर होते. दुसऱ्या दिवशीच्या गेटसभेला मिरजेहून कोण येणार, यावरून वाजलं होतं. त्याने दुसऱ्यांदा विचारलं. मी हात हलवून म्हणाले, "कुठलाही द्या हो. रबरच तर आहे."

हे वाक्य मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितेय.

बूट आणला. तुम्ही दांड्यावर चढवला, बोट घालून बघितलं आणि थांबलात. "त्वांड ढिलं लागतंय."

"पट्टी घट्ट आवळा ना."

"पट्टीनं त्वांड ल्हान होत न्हाई. थांब, बदलून आणतो."

"दादा, सभा आहे. गाडी आत्ता हवी."

तुम्ही पट्टी आवळलीत. पट्टीखाली रबराला चुण्या पडल्या, परकराची नाडी जास्त ओढल्यावर पडतात तशा. तुम्हाला कळत होतं की हे चूक आहे आणि तरी तुम्ही माझं ऐकलंत. ही चूक तुमची. मेलेल्या माणसाची चूक सांगू नये म्हणतात. मी सांगते, कारण या सगळ्यात तुमची म्हणावी अशी ती एवढी एकच आहे आणि ती मला हवी आहे.

दोन दिवसांत चाकाची आतली बाजू ग्रीसने माखली. मी वाकून बघितलं. बुटाच्या कडेवर कारखान्याचा शिक्का होता. तोच कारखाना, कुपवाडचा, जिथल्या बायकांसाठी आपण वर्षभर गेटवर उभे होतो. मंगलताई जिथे साच्यातून निघालेल्या बुटांच्या कडा कापते, तो.

माझ्या डोक्यात पत्रक तयार झालं. मला लाज वाटायला हवी, पण खरं सांगते, मला आनंद झाला होता. इतका नेमका पुरावा हातात कधी येतो? बारा-बारा तास राबवता, हातमोजे देत नाही, पंखा देत नाही, मग माल असाच निघणार. मथळा दिला, "ढिला बूट, ढिला कारभार". खाली आपल्या चाकाचा फोटो. तुम्ही त्या दिवशी साताऱ्याला होतात. तुम्हाला न विचारता छापलं, तुम्ही परत यायच्या आत वाटलं. चार वर्षांत पहिल्यांदा माझं पत्रक लोकांनी घडी न घालता उभ्या उभ्या वाचलं. त्या एका सकाळी दादा, मी तुमच्याइतकी मोठी झाले होते.

दुपारी सुपरवायझरने तेच पत्रक कारखान्याच्या फळ्यावर लावलं. कड कापायच्या टेबलावरच्या चौघींना बोलावून म्हणाला, "बघा. तुमचीच संघटना म्हणतीया, तुमचं काम ढिलं हाय. मी न्हाई म्हणत." चौघींना घरी बसवलं. त्यातली एक मंगलताई. ठेक्यावरच्या बाईला काढायला नोटीस लागत नाही, 'उद्या येऊ नका' एवढं पुरतं.

तुम्ही साताऱ्याहून आलात. गाडीखाली गेलात, पट्टी सोडली, बूट काढून पुसला आणि माप घ्यायचा व्हर्नियर लावला. आधी बुटाच्या तोंडाला, मग दांड्याला. मग पुन्हा दोन्हीला. खिशातून चष्मा काढून रबराच्या आतल्या बाजूचा नंबर वाचलात.

"डिझेल गाडीचा हाय ह्यो. तिचा दांडा जाड असतो. आपली पेट्रोल. बूट चांगला हाय रुतुजा. आपुन चुकीचा आणलाय."

तुम्ही 'आपुन' म्हणालात. बूट आणायला कोण गेलं होतं ते आपल्या दोघांनाही ठाऊक होतं.

त्याच दिवशी पाळी सुटायच्या वेळी तुम्ही तो बूट आणि व्हर्नियर घेऊन गेटवर गेलात. भोंगा नाही, काही नाही. मी मागे उभी होते. तुम्ही बायकांच्या हातात बूट दिलात, तोंड मोजून दाखवलंत आणि सुपरवायझरच्या देखत म्हणालात, "बायांचं काम एक नंबर हाय. चूक आमची." बायकांनी तुमच्याकडे असं बघितलं, की माझ्याकडे तसं कधी कुणी बघितलं नाही. हरल्याचं जाहीर करून माणूस उंच कसा होतो, हे मला त्या दिवशी कळलं नाही. नुसता राग आला.

सुपरवायझर म्हणाला, "तोंडी नको. पत्रकावर सही मॅडमची हाय. मॅडमनं लिहून द्यावं, मग बायकांचं बघू."

आपलं शेवटचं भांडण त्यावरून. शेडमध्ये, चहाचे कप तसेच ठेवून.

"दोन वळी लिही," तुम्ही म्हणालात. "बूट चांगला होता. आमची चूक झाली. संपलं."

"संपत नाही दादा. मालक तो कागद फ्रेम करून लावेल. उद्या कुठलीही मागणी केली की तोच दाखवेल. चौघींना आपण आंदोलन करून आत घेऊ."

"कवा?"

"करू लवकर."

"मंगलची चूल तुज्या लवकरवर पेटती व्हय?"

"तुम्हाला काय जातं माफी मागायला? तुमचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. तुम्ही ब्रेक दुरुस्त करा आणि देव व्हा. शिव्या खायला मी आहे."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, आता बोलाल की बूट तूच आणलास. मी त्याचीच वाट बघत होते. तुम्ही ते बोलला असतात तर मी जिंकले असते, कारण मग तुम्ही माझ्यासारखेच झाला असतात. तुम्ही कप उचललेत, विसळलेत आणि म्हणालात, "गाडी साताऱ्याला नेतो. घरी नीट खोलतो. तू ये सवडीनं."

मी गेले नाही. मालकाच्या हातात कागद द्यायचा नाही, हे मी आजही तत्त्व म्हणून मांडू शकते, एखाद्या शिबिरात तासभर बोलू शकते. पण तुमच्या शेवटच्या दहा दिवसांत मला अडवून धरलं ते तत्त्वाने नाही. कागद लिहिला असता तर गेटवर सगळे म्हणाले असते, दादांनी लिहायला लावलं. ते मला नको होतं. या एवढ्याशा गोष्टीसाठी चार बायका घरी बसल्या होत्या.

तुमचे दोन फोन आले. मी उचलले नाहीत. तिसरा तुमच्या नंबरवरूनच आला, बोलल्या मात्र वहिनी.

तेरावं झाल्यावर वहिनींनी निरोप धाडला, गाडी आता संघटनेची, घेऊन जा. मी एकटीच निघाले होते. सांगलीच्या स्टँडवर मंगलताई उभी. काखेत पिशवी. "मी बी येते," म्हणाली. मी दोन तिकिटं काढली. बसमध्ये साताऱ्यापर्यंत ती खिडकीतून ऊस बघत बसली आणि मी तिच्या हातांकडे बघत बसले. कडा कापून कापून अंगठ्याच्या बाजूला पडलेला घट्टा आता मऊ पडायला लागला होता.

तुमच्या अंगणात गाडी विटांवर उभी होती. पुढचं एक चाक काढलेलं. एक्सल ओट्यावर ठेवला होता, जॉइंट धुऊन पुसून तुमच्या जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळलेला. शेजारी नवा बूट, खोक्यातला, उघडलेलाही नाही. दोन पट्ट्या, ग्रीसची पुडी. तुमच्यासारख्याला हे तासाभराचं काम. दहा दिवस तसंच ठेवलं होतं.

"हे बसवलं का नाही यांनी?" मी विचारलं.

वहिनी म्हणाल्या, "मी बी हेच इच्यारलं. म्हणले, ती आल्यावर बसवू. तिच्या हातानं."

मंगलताई ओट्यावर टेकली. मग माझ्याकडे न बघता बोलली. "ह्यो बूट बदलून आणला तवा मी हुते दादांसंगं. दुकानदार म्हणला, तुमच्या मॅडमला मी दोनदा इच्यारलं, पेट्रोल का डिझेल. मॅडम फोनवर. म्हणल्या, कुठलाबी द्या."

मला वाटलं होतं की जमीन वगैरे सरकते. काही सरकलं नाही. तिथेच उभी होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय. दादा बाहीर आल्यावर म्हणले, मंगल, ह्ये गेटवर बोलायचं न्हाई. तिचं तिला बोलू दे."

"आणि तुम्ही गप्प बसलात? घरी बसवलं होतं तुम्हाला. माझ्यामुळे."

"त्यांनी सांगितलं म्हणून बसले." मग म्हणाली, "राग आला हुता. लय आला हुता. तुमच्या दारात यिऊन चार श्या द्याव्यात असं वाटत हुतं. दादा म्हणले, दे की, पर बूट बसवल्यावर दे."

दादा, त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायला हवं, नाहीतर हा लेख खोटा. पश्चात्ताप नंतर वाटला. आधी वाटला तो हेवा. तुमच्या दोघांत एक गोष्ट होती, माझ्याबद्दलची, आणि ती मला माहीत नव्हती. माझी चूक तुम्ही तिच्या ओटीत घातलीत आणि तिने सांभाळली. चार वर्षं मी तुमच्या शेजारच्या सीटवर बसले. तेवढा विश्वास तुम्ही माझ्यावर टाकला असतात का? मी सांभाळलं असतं का? पत्रक काढलं असतं.

आम्ही बूट बसवला. म्हणजे मी बसवला, मंगलताईने शिव्या दिल्या. बसवायच्या आधीच दिल्या, तेवढा तुमचा शब्द तिने मोडला. "आवं मॅडम, त्या खाचंत बसवा की. खाच दिसंना व्हय? भाषणात लय बारीक बारीक दिसतंय तुमाला." तिने रबराची कड आतून अंगठ्याने चाचपली, नंबर न बघताच म्हणाली, "ह्यो माज्याच टेबलावरचा," आणि पहिल्यांदा हसली. जॉइंट ठोकून बसवायला शेजारचे निवृत्त सुभेदार आले. ग्रीस मी भरलं. मोठी पट्टी आवळली. बारकी आवळायला निघाले तर तिने हात धरला. "आत हवा कोंडलीया. त्वांड उचला जरा, सोडा तिला, मग आवळा. न्हाईतर पुन्यांदा चुण्या पडत्यात." आम्ही तोंड उचललं. फुस्स करून हवा गेली, भाता आपल्या जागी बसला. पट्टी नेहमीएवढीच आवळली. चुणी एकही नाही. बरोबर मापाचं असलं की जोर लावायलाच लागत नाही, हे तुम्ही मला त्या दिवशी सांगत होतात.

सुभेदारांनी चाक चढवलं. गाडी मी चालवली. अंगणातून बाहेर काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. आवाज आला नाही. मंगलताई शेजारी बसली होती, तुमच्या काळात मी बसायचे तिथे.

सांगलीत पोचल्यावर मी गाडीतच लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं, 'आमची चूक झाली.' मंगलताईने वाचलं आणि परत दिलं.  मी खोडलं. शेवटी असं झालं: 'कारखान्याचा बूट चांगला होता. कड कापणाऱ्या बायकांचं काम चांगलं होतं. दुकानदाराने विचारलं असताना मी न ऐकता चुकीचा बूट आणला आणि न मोजता पत्रक छापलं. चूक माझी.' खाली सही. तेवढाच मजकूर पत्रक म्हणून छापला आणि सोमवारी गेटवर वाटला, भोंगा लावून वाचला.

तुमचा अंदाज बरोबर होता की माझा, ते अजून ठरायचंय. सुपरवायझरने कागद फळ्यावर लावला, माझ्या त्या पत्रकाच्या शेजारी. कदाचित मालक खरंच फ्रेम करेल. हातमोज्यांचं मागू तेव्हा तो कागद आमच्या तोंडावर मारला जाईल. या मुद्द्यावर मी मागे हटलेले नाही, दादा. भांडण उरलेलं आहे आणि पुढचं बोलायला तुम्ही नाही.

पण त्या सकाळी चौघी आत गेल्या. पत्रक वाचून बायका एकमेकींना सांगत होत्या, मला नीट ऐकू येत होतं. "फौजीचं ऐकलं बाई शेवटाला." "दादांनीच लिवायला लावलं असणार, जाताना." सही माझी, चूक माझी, कागद माझा. श्रेय तुमचं. मला जे नको होतं ते अगदी तसंच्या तसं झालं.

मी बॉनेटला टेकून उभी होते. मंगलताई गेटपर्यंत जाऊन परत आली. मला वाटलं, आभार वगैरे मानेल. ती वाकली, पुढच्या चाकाच्या आत बघितलं, बोट फिरवलं आणि ते मला दाखवलं. कोरडं होतं.

"ऱ्हाऊ द्या आसंच," म्हणाली आणि कामावर गेली.

तिच्यामागे एक बाई स्कूटर ढकलत आली. "मॅडम, फौजी नसतात व्हय आता? माजा ब्रेक लागंना."

नसतात, असं मी सांगितलं. मग पत्रकांचा गठ्ठा टपावर ठेवला आणि उकिडवी बसले. ब्रेकमधलं मला काही कळत नाही. तुम्ही आधी काय बघायचात ते आठवायचा प्रयत्न केला. तुम्ही आधी काहीच बघायचा नाहीत. विचारायचात.

"कवापासनं लागंना?" मी विचारलं, आणि या वेळी उत्तर पूर्ण ऐकलं.